पत्ता बरोबर, गोष्ट चुकीची

रात्रीचा दीड वाजलाय, उद्या सबमिशन आहे आणि लांब कुठेतरी कुणीतरी दणदणीत गाणी लावली आहेत. तुम्ही खिडकीतून डोकं बाहेर काढता. आवाज पलीकडच्या सोसायटीतून येतोय, एवढं कळतं. पण कुठल्या बिल्डिंगमधून? कितव्या मजल्यावरून? कान दिशा सांगतात, फ्लॅट नंबर सांगत नाहीत. तो शोधायला डोळेच लागतात. कुठे दिवा चालू आहे, कुठल्या गॅलरीत हालचाल आहे, हे बघावं लागतं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा खगोलशास्त्राची अवस्था अगदी अशीच झाली होती. आकाशातून रेडिओलहरी येत होत्या आणि त्यातल्या काही तर भलत्याच जोरदार होत्या. पण त्या पाठवतंय कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातला सर्वांत गोंधळात टाकणारा आवाज ज्या घरातून येत होता, ते घर एका लंगडत चालणाऱ्या जर्मन माणसाने शोधून काढलं. त्याचं नाव वाल्टर बाडे. घर सापडल्यावर आत काय चाललंय, यावर त्याने मित्राशी पैज लावली आणि जिंकलीही. गंमत म्हणजे ज्या गोष्टीवर पैज जिंकली, ती गोष्टच पुढे चुकीची निघाली! पत्ता मात्र आजही तोच आहे.

हा माणूस तुम्हाला माहीत असायला हवा. अभ्यासात चुकायची धास्ती वाटते ना तुम्हाला? मग तर नक्कीच.

मास्तरांचा मुलगा

वाल्टर बाडे यांचा जन्म २४ मार्च १८९३ चा, जर्मनीतल्या वेस्टफालिया भागातल्या एका खेड्यातला. वडील शाळामास्तर. मुलाने धर्मशास्त्र शिकावं आणि पाद्री व्हावं, अशी घरच्यांची अपेक्षा. मुलाचा जीव मात्र आकाशात. जन्मापासून त्यांच्या कमरेच्या सांध्यात दोष होता, त्यामुळे ते आयुष्यभर लंगडत चालले. या पायामुळेच पहिल्या महायुद्धात त्यांना आघाडीवर जावं लागलं नाही. त्यांच्या वयाची कितीतरी मुलं खंदकांत मेली. बाडेंनी १९१९ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि हॅम्बुर्गजवळच्या बेर्गेडॉर्फच्या वेधशाळेत ते नोकरीला लागले.

तिथे त्यांनी एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर आपला हात बसवला. १९२० मध्ये त्यांना हिडाल्गो नावाचा लघुग्रह सापडला. बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात फिरतात, हा पठ्ठ्या मात्र पार शनीच्या कक्षेपर्यंत भटकून येतो. १९२२ मध्ये एक धूमकेतू सापडला. पण ही सगळी बाडेंच्या दृष्टीने किरकोळ शिकार होती. त्यांना दूरवरच्या दीर्घिका बघायच्या होत्या, आणि त्यासाठी लागणारी दुर्बीण जर्मनीत नव्हती. ती होती अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या डोक्यावर उभ्या असलेल्या माउंट विल्सन पर्वतावर. तिचा आरसा होता शंभर इंचांचा, म्हणजे अडीच मीटरचा. १९३१ मध्ये तिथून बोलावणं आलं आणि बाडे निघाले.

हॅम्बुर्गमध्ये त्यांचा एक जिवलग दोस्त मागे राहिला. रुडॉल्फ मिंकोव्स्की, विद्यापीठातला भौतिकशास्त्रज्ञ. आडनाव ओळखीचं वाटतंय? बरोबर. सापेक्षतावाद शिकताना भेटतात ते गणिती हेर्मान मिंकोव्स्की याचे काका. घराणं ज्यू. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापकांच्या नोकऱ्या जायला लागल्या. मिंकोव्स्कींचीही गेली. इकडे बाडेंनी माउंट विल्सनवर शब्द टाकला, खटपट केली आणि १९३५ मध्ये मित्राला सहकुटुंब अमेरिकेत आणलं. आपल्या गोष्टीतली पैज पुढे याच दोघांमध्ये लागणार आहे.

युद्ध, अंधार आणि देवयानी

मिंकोव्स्की येण्याआधीच, १९३४ मध्ये, बाडेंनी फ्रिट्झ झ्विकी या तिरसट पण विलक्षण डोक्याच्या माणसाबरोबर एक धाडसी कल्पना मांडली होती. काही तारे मरताना प्रचंड स्फोट होतो. या स्फोटांना दोघांनी अतिनवतारे म्हटलं, आणि स्फोटानंतर मागे निव्वळ न्यूट्रॉनचा बनलेला गच्च गोळा उरत असावा, असं सुचवलं. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती, हे लक्षात घ्या! असा तारा प्रत्यक्ष सापडायला १९६७ उजाडलं. झ्विकींशी पुढे बाडेंचं इतकं बिनसलं की दोघं एकमेकांना टाळायला लागले. मिंकोव्स्कींशी मात्र शेवटपर्यंत जमलं.

मग दुसरं महायुद्ध अमेरिकेच्या दारात आलं. बाडे इतकी वर्षं अमेरिकेत राहत होते, पण नागरिकत्वाचे सोपस्कार त्यांनी कधी पूर्णच केले नव्हते. (कागदपत्रांची कामं टाळणारे फक्त आपणच नसतो.) आता ते कायद्याने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अशा लोकांवर रात्री घराबाहेर पडायची बंदी होती. खगोलशास्त्रज्ञाला रात्रीची बंदी! वेधशाळेच्या संचालकांनी लष्कराकडे खटपट केली, तेव्हा कुठे बाडेंना डोंगरावर जायची परवानगी मिळाली.

आणि मग एक अजब योग जुळून आला. बाकीचे बरेच शास्त्रज्ञ युद्धकामावर गेले होते, त्यामुळे जगातली सर्वांत मोठी दुर्बीण जवळजवळ एकट्या बाडेंच्या हातात आली. वरून हल्ल्याच्या भीतीने लॉस एंजेलिसमध्ये दिवे मालवले जात होते. एरवी शहराच्या उजेडाने फिकट होणारं आकाश काळंभोर झालं. बाडेंनी लाल रंगाला संवेदनशील असलेल्या फोटोप्लेट घेतल्या, तासन्‌तास दुर्बीण हाताने सावरत देवयानी दीर्घिकेच्या मध्यभागाचे फोटो काढले. तोवर तो भाग नुसता धुरकट ठिपका दिसायचा. बाडेंच्या प्लेटवर त्यात सुटे सुटे तारे दिसले. त्यावरून त्यांनी १९४४ मध्ये दाखवून दिलं की दीर्घिकांमध्ये ताऱ्यांच्या दोन जमाती असतात. एक तरुण निळसर ताऱ्यांची, दुसरी म्हाताऱ्या तांबूस ताऱ्यांची.

या शोधाचा पुढचा अंक १९५२ मध्ये रोममधल्या खगोल परिषदेत झाला. अंतर मोजायला वापरले जाणारे सेफीड नावाचे तारेही दोन प्रकारचे असतात आणि आजवर सगळे त्यांची गल्लत करत आले, हे बाडेंनी सांगितलं. त्यामुळे देवयानीचं अंतर आणि तिच्यापलीकडच्या दीर्घिकांची अंतरं एका झटक्यात साधारण दुप्पट झाली. विश्व दुप्पट मोठं करणारा माणूस म्हणून पेपरात नाव यायला एवढं पुरेसं होतं. पण आपल्या गोष्टीतलं घर याच्या आदल्याच वर्षी सापडलं होतं.

हंसातला आवाज

आता रेडिओकडे वळू. आकाशातून रेडिओलहरी येतात हे १९३० च्या दशकात कार्ल जान्स्की या अमेरिकन इंजिनिअरने शोधलं होतं. ग्रोट रीबर नावाच्या दुसऱ्या इंजिनिअरने घराच्या परसात स्वतः तबकडी उभारून आकाशाचा पहिला रेडिओ नकाशा काढला. युद्ध संपल्यावर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातली रडारवर काम केलेली पोरं या खेळात उतरली. १९४६ मध्ये ब्रिटनमधल्या जे. एस. हे आणि त्यांच्या साथीदारांच्या लक्षात आलं की हंस तारकासमूहातून येणारा आवाज चढउतार करतोय. इतका झरझर बदलणारा आवाज पसरट ढगातून येऊ शकत नाही, तो एखाद्या छोट्या जागेतूनच येत असणार, असा त्यांनी तर्क केला. (चढउतार खरंतर आपल्याच वातावरणाच्या वरच्या थरांमुळे होत होते, हे नंतर कळलं. पण उगम छोटा आहे, हे बरोबर निघालं.) या उगमाला पुढे नाव पडलं सिग्नस ए. सिग्नस म्हणजे हंस.

आता अडचण समजून घ्या. दुर्बीण किती बारीक तपशील दाखवते, हे दोन गोष्टींवर ठरतं. लहर किती लांब आणि दुर्बीण किती रुंद. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही छोटी असते. त्या काळच्या रेडिओ निरीक्षणांतल्या लहरी एक मीटरपासून कित्येक मीटरपर्यंत लांब होत्या. म्हणजे लहर लाखो पटींनी मोठी. साध्या डोळ्याइतकं बारीक बघायचं, तरी रेडिओ तबकडी काही किलोमीटर रुंद हवी! साहजिकच सुरुवातीला एखाद्या उगमाची जागा सांगायची तर चूक एकेका अंशाची व्हायची. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. एवढ्या तुकड्यात मोठ्या दुर्बिणीला हजारो तारे आणि दीर्घिका दिसतात. त्यातला गाणी लावणारा कोण, काय सांगणार?

यावर तोड निघाली ती दोन कानांची. एकमेकांपासून लांब ठेवलेल्या दोन अँटेनांना एकच लहर किंचित पुढेमागे मिळते. हा फरक मोजला की उगमाची दिशा नेमकी कळते. सिडनीत जॉन बोल्टन यांनी तर एकाच अँटेनात भागवलं. समुद्रकिनाऱ्याच्या कड्यावर ती ठेवली. एक लहर थेट आकाशातून, दुसरी समुद्राच्या पाण्यावरून उसळून, झाले दोन कान! १९४९ मध्ये बोल्टन, स्टॅन्ली आणि स्ली या तिघांनी तीन उगमांचे पत्ते सुचवले. वृषभेतला क्रॅब तेजोमेघ, कन्येतली एम ८७ दीर्घिका आणि नरतुरंगातली एनजीसी ५१२८ ही दीर्घिका. पण शेवटच्या दोन गोष्टी खरंच आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहेत, असं ठामपणे म्हणायला तेही कचरले. एवढ्या लांबून एवढा मोठा आवाज येईलच कसा? केंब्रिजचे मार्टिन राइल यांच्यासह अनेकांचं मत होतं की हे आपल्याच आकाशगंगेतले अंधुक रेडिओतारे असणार.

आणि हंसातल्या सिग्नस ए चा तर अजून काहीच पत्ता नव्हता. आवाजात अख्ख्या आकाशात दुसरा नंबर, आणि दिसायला तिथे काहीच नाही.

केंब्रिजचं पत्र, पालोमारची रात्र

१९५१ मध्ये केंब्रिजच्या फ्रान्सिस ग्रॅहम स्मिथ या तरुण संशोधकाने हे कोडं हातात घेतलं. त्याचे दोन कान म्हणजे युद्धात हाती लागलेल्या दोन जर्मन रडारच्या तबकड्या होत्या. विमानं पाडायला बनवलेलं यंत्र आता हंसाकडे रोखलेलं! त्याने सिग्नस ए ची जागा जवळजवळ एका कलेपर्यंत पक्की केली. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. चंद्राच्या रुंदीचे तीस भाग करा, त्यातला एक. हे आकडे त्याने बाडेंना पाठवले.

बाडेंनाच का? एक तर तोवर माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीच्या दुप्पट, म्हणजे दोनशे इंची दुर्बीण कॅलिफोर्नियातच पालोमार पर्वतावर सुरू झाली होती आणि तिच्यावर बाडेंचा हात बसला होता. दुसरं म्हणजे, फोटोप्लेटवर काय नेहमीचं आणि काय विचित्र, हे ओळखणारी त्यांच्यासारखी नजर क्वचितच कुणाकडे असेल. ही दुर्बीण एवढी अवाढव्य आहे की निरीक्षक तिच्या तोंडाशी असलेल्या पिंजऱ्यात बसून आकाश बघायचा. थंडीत कुडकुडत, एकटा, रात्र रात्र. लंगडणारे बाडे त्या वेळी ५८ वर्षांचे होते.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी स्मिथने सांगितलेल्या जागेचे फोटो घेतले. प्लेट धुऊन बघतात तर तिथे दीर्घिकांचा एक अख्खा थवा होता आणि मधोमध एक भलतीच दीर्घिका. एकमेकांना चिकटलेले दोन ठिपके असावेत तशी. असं काही बाडेंनी आधी पाहिलं नव्हतं. पत्ता सापडला होता.

खरंतर हे घर त्यांच्या आधीही कुणीतरी पाहिलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या बर्नार्ड मिल्स यांनी आपल्या मोजमापांवरून हीच अंधुक दीर्घिका सुचवली होती. पण त्यांच्या आकड्यात अजून पुरेशी अचूकता नव्हती आणि इतक्या अंधुक ठिपक्याकडे बोट दाखवणं मिंकोव्स्कींना पटलं नव्हतं. मोठ्या माणसांचा सल्ला नेहमी बरोबरच असतो असं नाही, ही नोंदही करून ठेवा.

व्हिस्कीची पैज

बाडेंच्या डोक्यात लगेच एक चित्र तयार झालं. दोन ठिपके म्हणजे दोन दीर्घिका, आणि त्यांची समोरासमोर टक्कर चालू आहे! त्याच वर्षी त्यांनी लायमन स्पिट्झर यांच्याबरोबर दीर्घिकांच्या टकरींवर एक लेख लिहिला होता. दीर्घिकेत तारे इतके विरळ असतात की ते एकमेकांना न लागता आरपार निघून जातात. पण त्यांच्यामधला वायू मात्र हजारो किलोमीटरच्या वेगाने एकमेकांवर आदळतो आणि तापतो. सिग्नस ए चा प्रचंड आवाज म्हणजे याच आदळआपटीचा असणार, हा बाडेंचा हिशोब. कल्पना देखणी होती आणि सगळे धागे जुळत होते.

त्यांनी ती सहकाऱ्यांसमोर मांडली. मिंकोव्स्कींनी मान हलवली. ते स्वभावाने संशयी, वर्णपट हाच त्यांचा धर्म. प्रिझमसारख्या यंत्रातून प्रकाशाचे रंग वेगळे केल्याशिवाय ते कशावर विश्वास ठेवत नसत. बाडे चिडले आणि एकदम हजार डॉलरची पैज लावायला निघाले. मिंकोव्स्कींनी नुकतंच घर घेतलं होतं, एवढे पैसे आणणार कुठून? मग पैज व्हिस्कीच्या एका बाटलीवर आली. वायू टकरीने प्रचंड तापलेला असेल तर त्याच्या खास रेषा वर्णपटात दिसल्या पाहिजेत. दिसल्या तर बाडे जिंकले.

काही महिन्यांनी मिंकोव्स्कींनी त्या दीर्घिकेचा वर्णपट घेतला. त्यात ठसठशीत रेषा होत्या, अगदी चार इलेक्ट्रॉन गमावून बसलेल्या निऑनच्यासुद्धा! त्यांनी सरळ बाडेंच्या खोलीत जाऊन कुठल्या ब्रँडची बाटली हवी ते विचारलं. बाडे पुढे हा किस्सा रंगवून सांगत. त्यांची अपेक्षा भरगच्च बाटलीची होती, मिंकोव्स्कींनी आणली खिशात मावणारी चपटी. आणि दोनच दिवसांनी काहीतरी दाखवायला म्हणून आलेल्या मिंकोव्स्कींनी तीही स्वतःच संपवली!

पण विनोदाच्या मागे एक मोठी गोष्ट दडली होती. त्या रेषा वर्णपटात लाल रंगाकडे सरकलेल्या होत्या. त्यावरून ती दीर्घिका आपल्यापासून सेकंदाला सुमारे १७ हजार किलोमीटर वेगाने दूर जातेय, हे कळलं. आजच्या हिशोबाने तिचं अंतर सत्तर ते ऐंशी कोटी प्रकाशवर्षांच्या घरात आहे. म्हणजे आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा रेडिओ आवाज आपल्या आकाशगंगेच्या बाहेरून, तोही इतक्या लांबून येत होता. तो आपल्या आकाशगंगेच्या रेडिओ आवाजापेक्षा लाखो पटींनी ताकदवान असला पाहिजे.

आता पहिल्या क्रमांकाचं काय? शर्मिष्ठा तारकासमूहातला कॅसिओपिया ए. त्याचाही नेमका पत्ता ग्रॅहम स्मिथनेच दिला होता. तिथे बाडेंना तेजाचे विस्कटलेले धागे दिसले आणि मिंकोव्स्कींनी त्यांचे वेग मोजले. ते निघाले आपल्याच आकाशगंगेत फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष. कानाला जवळजवळ सारखेच वाटणारे दोन आवाज, एक शेजारच्या गल्लीतला आणि दुसरा विश्वाच्या पार दुसऱ्या मोहल्ल्यातला! नुसतं ऐकून अंतर कळत नाही, हे याहून चांगलं कोण सांगणार? दोघांनी हे सगळं १९५४ मध्ये शोधनिबंधात छापलं. आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. सिग्नस ए इतक्या लांब असून एवढा जोरात ऐकू येतो, तर मंद आवाजाचे शेकडो उगम किती लांब असतील? रेडिओ दुर्बिणी विश्वाच्या अशा कोपऱ्यांपर्यंत पोचत होत्या जिथे पालोमारचीही नजर पुरत नव्हती.

कोलकात्याच्या माणसाची भर

आता त्या चुकलेल्या गोष्टीकडे येऊ. पैज लागली त्याच सुमारास इंग्लंडमधल्या जोड्रेल बँकमध्ये रॉजर जेनिसन आणि कोलकात्याहून शिकायला गेलेले मृणाल कुमार दासगुप्ता हे दोन तरुण सिग्नस ए चा आकार मोजत होते. १९५३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. रेडिओलहरी त्या दीर्घिकेच्या अंगातून येतच नव्हत्या, निदान मुख्यतः तरी नाही. त्या येत होत्या दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंना, पार बाहेर असलेल्या दोन गोळ्यांमधून.

जरा विचार करा. दोन गाड्या चौकात धडकल्या आणि आवाज चौकातून न येता दोन्हीकडच्या लांबच्या गल्ल्यांतून आला, तर तुम्ही त्याला टक्कर म्हणाल का? तरीही टकरीची कल्पना बरीच वर्षं टिकली. ती देखणी होती, शिवाय तिच्या मागे बाडेंचं नाव होतं. अशा रेडिओ दीर्घिका ढिगाने सापडायला लागल्या, तशी ती लंगडी पडली. एवढ्या टकरी होतील कशा? १९६० च्या दशकात ती मागे पडली. आज आपल्याला माहीत आहे की सिग्नस ए ही एकच राक्षसी दीर्घिका आहे. तिचे दोन तुकडे दिसतात ते मुख्यतः मधून गेलेल्या धुळीच्या पट्ट्यामुळे. तिच्या पोटात सुमारे अडीचशे कोटी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे. त्याच्यापासून विरुद्ध दिशांना दोन झोत सुटतात आणि बाहेरच्या वायूवर आदळून ते दोन गोळे फुगवतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा पसारा चार-पाच लाख प्रकाशवर्षांचा!

म्हणजे बाडे चुकले, आणि मिंकोव्स्कींनी ती चपटी उगाच दिली. वर्णपटातल्या तापलेल्या वायूच्या रेषा खऱ्या होत्या, पण वायू तापवणारं कृष्णविवर होतं. एकाच पुराव्यात दोन गोष्टी बसू शकतात, आणि आपल्याला आवडते तीच खरी वाटायला लागते. प्रॅक्टिकलमध्ये ग्राफ हवा तसा आला की आपण पुढचे प्रश्न विचारायचं थांबतो ना, तसंच.

पण मग बाडेंचं उरलं काय? सगळंच. दासगुप्ता आणि जेनिसन यांना ते दोन गोळे एका दीर्घिकेच्या दोन बाजूंना आहेत असं म्हणता आलं, कारण ती दीर्घिका आधी सापडली होती. अंतर कळलं म्हणून ताकद कळली. ताकद कळली म्हणून पुढच्यांना कृष्णविवरापर्यंत जावं लागलं. पत्ता पक्का असला की गोष्ट पुन्हा लिहिता येते. पत्ताच चुकला तर पुढचं काहीच उरत नाही.

आणि बाडेंनीही पत्त्यांचं काम थांबवलं नाही. क्रॅब तेजोमेघ आणि एम ८७ मधून निघालेला लांब झोत यांच्या प्रकाशाच्या लहरी ठराविक दिशेनेच डोलतात, हे त्यांनी फोटोंवरून दाखवलं. चुंबकीय क्षेत्रात भन्नाट वेगाने गरगरणारे इलेक्ट्रॉन हा प्रकाश देतात, याचा तो मोठा पुरावा ठरला. रेडिओ आवाजही त्याच इलेक्ट्रॉनचा. टकरीला पर्याय देणाऱ्या कल्पनेला बळ मिळालं ते अशा मोजमापांतून, आणि त्यातली काही खुद्द बाडेंची होती.

शेवटची वर्षं

१९५८ मध्ये बाडे निवृत्त झाले. ते फार कमी लिहायचे. डोक्यात खूप, कागदावर थोडं. हार्वर्डमध्ये त्यांनी दिलेली व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली. नंतर काही काळ ते ऑस्ट्रेलियात राहिले आणि शेवटी परतले ते विद्यार्थीदशेतल्या ग्योटिंगेनलाच. जन्मभर सोबत केलेल्या कमरेवर तिथे शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते अंथरुणातून नीट उठलेच नाहीत. २५ जून १९६० रोजी ते गेले.

त्याच वर्षी मिंकोव्स्की निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. पालोमारवरच्या शेवटच्या रात्रींपैकी एका रात्री त्यांनी थ्री सी २९५ या रेडिओ उगमाच्या दीर्घिकेचा वर्णपट मिळवला. तिच्या रेषा ४६ टक्क्यांनी सरकलेल्या निघाल्या. तोवर मोजलेली ती सर्वांत दूरची दीर्घिका होती, आणि ती सापडली होती मित्राने वापरलेल्याच वाटेने. रेडिओने जागा सांगायची, मोठ्या दुर्बिणीने तिथे बघायचं, वर्णपटाने अंतर मोजायचं.

ती वाट आजही तीच आहे, आणि आता ती तुमच्या दारावरून जाते. ऑस्ट्रेलियात शिकून आलेल्या गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला भारतातली सुरुवातीची रेडिओ दुर्बीण उभारली, तीही सिडनीहून मिळालेल्या जुन्या तबकड्यांची. पुढे त्यांच्याच पुढाकाराने पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद इथे जीएमआरटी उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरमध्ये पसरलेल्या. म्हणजे दोनच्या ऐवजी तीस कान. या दुर्बिणीने केलेल्या एका आकाश सर्वेक्षणाच्या यादीत सहा लाखांहून अधिक रेडिओ उगम आहेत. त्यातल्या असंख्य उगमांसमोर अजून कुणी नीट घर नंबर लिहिलेला नाही.

नवी कोडीही येतच आहेत. सेकंदाच्या हजाराव्या भागात चमकून जाणारे रेडिओ स्फोट पहिल्यांदा २००७ मध्ये जाहीर झाले. एकाच जागेहून वारंवार येणाऱ्या अशा एका स्फोटाचं घर २०१७ मध्ये सापडलं, आणि ती निघाली एक चिमुकली, अंधुक दीर्घिका. स्फोट नक्की कशाने होतात यावर वाद चालू आहेत. पैजाही लागत असतील.

हे काम करायला आता पालोमारच्या पिंजऱ्यात कुडकुडावं लागत नाही. रेडिओ आणि प्रकाशाच्या सर्वेक्षणांची चित्रं इंटरनेटवर फुकट आहेत. रेडिओ नकाशातला एखादा दुहेरी गोळा निवडा, त्याच जागेचं साधं चित्र शेजारी उघडा आणि दोन गोळ्यांच्या मध्ये कुठली दीर्घिका बसते ते शोधा. सुरुवातीला चुकाल. एखादा जवळचा तारा हसून फसवेल. उत्तर सापडलंच तर एखाद्या मिंकोव्स्कीला दाखवा. तुमचं आवडतं उत्तर ऐकून मान हलवणारा एक तरी मित्र ग्रुपमध्ये हवाच.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाने उघडीप दिली की संध्याकाळी गच्चीवर जा. डोक्यावरून थोडं उत्तरेकडे पाहिलंत की पंख पसरलेला हंस दिसेल. त्याच्या छातीवरच्या ताऱ्यापासून चारेक अंशांवर, म्हणजे हात लांब केल्यावर जेमतेम दोन-तीन बोटांच्या रुंदीइतक्या अंतरावर, डोळ्यांना काहीच दिसणार नाही. पण बाडेंनी शोधलेलं घर तिथेच आहे.